तिसरं पाणी

त्या दवाखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. हजेरीच्या वहीत तिचं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांसाठी ती लख्ख मावशी होती. कारण अगदी साधं. कुठलीही वस्तू तिच्या हातून धुऊन निघाली की ती उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि स्वतःशीच म्हणायचं, "लख्ख!" कुणीतरी पहिल्यांदा चिडवायला हे नाव ठेवलं असणार. तिला मात्र ते मनापासून आवडलं. आपल्या कामावरून आपल्याला नाव पडावं, हे भाग्य भल्याभल्या शिकलेल्यांच्या वाट्याला येत नाही.

दवाखाना दोन मजल्यांचा. खाली तपासणीच्या खोल्या, वर बारा खाटा आणि ऑपरेशनचं थिएटर. अठ्ठाविसाव्या वर्षी ती तिथे फरशी पुसायला लागली, मग खाटांवरच्या बायकांचं बघायला लागली, आणि थिएटरमागच्या धुण्याच्या खोलीतल्या आधीच्या बाईची कंबर धरली तेव्हा थिएटरच्या सिस्टरने हिला तिथे उभं केलं. ही सिस्टर मोठी कडक. तिला शिंक आली तरी ती वेळेवर येते, असं सगळे म्हणत. तिने मावशीला निवडलं त्याचं कारणही तिने तोंडावर सांगितलं होतं. "बाकीच्या बायका काम संपवतात. तू काम करतेस."

ही खोली तीन पावलं लांब आणि दोन पावलं रुंद. दुधी काचेची खिडकी, स्टीलचं खोल सिंक, त्यावर एक नळ, बाजूला झाकणाचे दोन लांबट डबे, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला तक्ता. तक्त्यावर सहा पायऱ्या. कात्र्या-चिमटे वाफेच्या यंत्रात जायचे, त्यांचं काही नाही. पण पोटाला चार भोकं पाडून दुर्बिणीने जी ऑपरेशनं करतात, त्यांची हत्यारं मोठी नखरेल. स्वेटर विणायच्या सुयांसारखी लांब, टोकाला चिमणीच्या चोचीएवढा जबडा, अंगावर प्लॅस्टिकचं आवरण. या दवाखान्यात जी होती त्यांना वाफ सोसत नसे. म्हणून ती आधी नळाखाली ब्रशने घासायची, खोलायची, पुसायची, मग औषधाच्या डब्यात घड्याळ लावून बुडवायची, आणि शेवटी सीलबंद बाटलीतल्या निर्जंतुक पाण्याने धुऊन आत द्यायची. एका ट्रेला एक बाटली. तक्ता इथे संपत होता.

मावशीचं काम मात्र इथे संपत नसे.

ते औषध म्हणजे महाभयंकर प्रकार. झाकण उघडलं की डोळ्यांतून धारा. नऊ वर्षांपूर्वी, नवं नवं काम असताना, हातमोज्याच्या वरून एक शिंतोडा तिच्या मनगटावर पडला होता. तिने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी कातडी सोलून निघाली आणि सुपारीएवढा पांढरा डाग कायमचा राहिला. त्या डागाकडे बघून तिने आपल्यापुरता विचार केला. बाहेरच्या राठ कातडीची ही गत, तर माणसाच्या आतल्या कोवळ्या आतड्यांचं काय होत असेल? बाटलीभर पाण्याने धुतल्यावरही हत्यारांना तो वास यायचा. तिच्या नाकाला तरी यायचा. म्हणून बाटलीचं पाणी झालं की ती नळ सोडायची आणि हत्यारांना आणखी एक पाणी द्यायची.

आपण घरात काहीही धुतलं तर ते किती पाण्यांनी धुतलं हे मोजतो. एका पाण्याने धुतलं म्हणजे नुसतं ओलं केलं, असं समजणाऱ्या घरात मावशी वाढली होती. दुसरं पाणी म्हणजे तिच्या मते माणुसकी होती. ती ते कुणाला सांगत नसे, कारण सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटत नव्हतं. औषधाच्या कंपनीचा माणूस एकदा शिकवायला आला होता. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, अर्धं इंग्रजीत बोलला, सगळ्यांना बिस्किटं दिली आणि गेला. काय करायचं ते त्याने सांगितलं होतं. का करायचं, हे बिस्किटांच्या गडबडीत राहून गेलं.

तिच्या घरी सासूबाई, धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. नवरा लांबच्या मालगाड्यांवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांनी उगवायचा, त्यामुळे घरात तिची खरी सोबत धाकटीचीच. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा "अहो ताई, तुम्ही बसा", "अहो ताई, तुम्ही घ्या" असं करायची. थोरलीने, म्हणजे मावशीने, तिला बजावलं, "मला तुम्ही म्हणालीस तर मी ओ देणार नाही." आणि खरंच आठ दिवस दिली नाही. शेवटी एकदा दुधाचं पातेलं उतू जाताना धाकटी घाबरून ओरडली, "ताई, अगं धाव ना!" तेव्हापासून दोघींचं 'तू' जे सुरू झालं ते चौदा वर्षं चाललं. धाकटी घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची. कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घर आवरण्यात मात्र तिचा उजेडच होता. शिवणाच्या चिंध्या, दोऱ्यांचे तुकडे, खडूची पूड घरभर. सासूबाई म्हणायच्या, "एक सून लख्ख आणि दुसरी सख्ख्या भंगारवाल्याची." धाकटी हसायची आणि पायाने चिंध्या मशीनखाली सरकवायची.

धाकटीच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे निघाले. दीर म्हणाला, मोठ्या दवाखान्यात नेऊ. थोरलीने ऐकून घेतलं नाही. "माझ्या हाताखालून जाणारी हत्यारं सोडून परक्यांच्या हाती देतोस होय तिला?" तिच्याच शब्दावर धाकटी तिथे दाखल झाली, हे लक्षात ठेवायला हवं. थोरली पुढे ते कधी विसरली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिने धाकटीच्या ट्रेमधलं एक एक हत्यार हातात घेतलं. औषध झालं, बाटली झाली, नळाचं दुसरं पाणी झालं. मग आपलं माणूस म्हणून तिने नळ पुन्हा सोडला आणि प्रत्येक जबडा उघडून त्यातून पाणी वाहू दिलं. तिसरं पाणी. उजेडाकडे धरून डोळा बारीक केला. लख्ख.

संध्याकाळी धाकटी शुद्धीवर आल्यावर थोरली तिच्या कानाशी लागली. "तुझी तीन पाण्यांनी धुतली बरं का. बाकीच्यांना दोनच." धाकटीने ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. "माझ्या जावेने माझी हत्यारं तीन पाण्यांनी धुतली." तिसऱ्या दिवशी घरी आली, दहाव्या दिवशी मशीनवर बसली. सगळं कसं छान झालं.

पाचव्या आठवड्यात बेंबीजवळच्या भोकाच्या जागी एक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. वाटाण्याएवढी होती, सुपारीएवढी झाली, लालसर जांभळी पडली आणि एके दिवशी फुटून पाण्यासारखा पातळ पू आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जखम आठ दिवसांत मिटली. सगळ्यांनी हुश्श केलं. बाराव्या दिवशी पुन्हा उघडली, आणि तिच्या शेजारच्या भोकाशीही गाठ धरली. पू तपासायला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, जंतू नाहीत. मोठे डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, "टाके तर स्वच्छ घातले होते. घरी काळजी घेता ना? पट्टी कोरडी ठेवता? अंघोळीनंतर नीट पुसता?"

डॉक्टरांनी सहज विचारलं होतं. पण ते घरी आलं ते निकाल होऊन. सासूबाईंना तर आयतं कोलीतच मिळालं. "मी चौदा वर्षं सांगतेय, ही मुलगी गबाळी आहे." दीर मुळात वाईट माणूस नव्हता, पण बायकोचं दुखणं लांबलं की पुरुषांना कुणावर तरी चिडायचं असतं आणि बायकोच सगळ्यांत जवळ असते. "त्या चिंध्यांत बसतेस, तेच जातं जखमेत," तो म्हणायचा. त्याने मशीनवर चादर टाकली आणि तिला पलीकडच्या खोलीत झोपायला सांगितलं.

आणि थोरली? थोरलीने सगळ्यांत जास्त केलं. रोज संध्याकाळी कामावरून आली की कोपरापर्यंत हात धुवायची, स्टीलच्या ताटलीत उकळून गार केलेलं पाणी, जाळीचं कापड, कात्री, चिकटपट्टी मांडायची आणि धाकटीची जखम आपल्या हाताने साफ करायची. करताना बोलायचीही. "पुसत जा गं नीट. काल पट्टी ओली होती. एवढं साधं जमत नाही तुला?" शेजारणीजवळही ती एकदा म्हणाली, "दवाखान्यात माझ्या हातून गेलेल्या हत्यारांना काही होणं शक्य नाही. घरीच काहीतरी चुकतंय." हे धाकटीने दाराआडून ऐकलं. नंतर ती अंघोळ झाल्यावर अर्धा अर्धा तास जखम पुसत बसू लागली. पुसून पुसून भोवतालची कातडी सोलली.

मग दवाखान्यात एक निवृत्त पोस्टमन आला, शर्ट वर करून. त्याच्या बेंबीजवळ गाठ. त्यानंतर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. मग एक न्हावी. दोन महिन्यांत धाकटी धरून सात जण. सगळे दुर्बिणीचे. पोट फाडून ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांतलं एकही नाही. सातही घरं गबाळी कशी असतील, हा प्रश्न सिस्टरने विचारला. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीची ऑपरेशनं बंद केली आणि बाहेरून एका बाईंना बोलावलं. त्या जंतूंच्या डॉक्टर. दवाखान्यात त्यांना सगळे जंतूवाल्या बाई म्हणू लागले.

बाई बुटक्या, चष्म्याच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी सातही जणांचा पू नव्याने घेतला आणि प्रयोगशाळेला सांगितलं की जंतू उगवायला ठेवलेली बशी दोन दिवसांत फेकायची नाही, पंधरा दिवस ठेवायची. काही जंतू आळशी असतात, त्यांना उगवायला वेळ लागतो. मग काड्यांना कापसाचे बोळे लावून त्या खोलीखोलीतून फिरल्या. नळाच्या तोंडात बोळा, सिंकच्या जाळीत बोळा, ब्रशांच्या केसांत बोळा. शेवटी मावशीला म्हणाल्या, "मावशी, आता एक ट्रे धुऊन दाखवा. रोज करता तसंच. मी म्हणजे भिंतीवरचं घड्याळ आहे असं समजा."

आता भिंतीवरचं घड्याळ काही वहीत लिहून घेत नाही. मावशीने सहा पायऱ्या शाळेतल्या मुलीने कविता म्हणावी तशा करून दाखवल्या. बाटलीचं पाणी संपलं तेव्हा तिचा हात सवयीने नळाकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. तक्त्यावर ते नव्हतं. सिस्टर दारात उभी होती. उगाच तिला बोलणं बसायला नको, एवढंच मावशीच्या मनात आलं. याला लबाडी म्हणणं सोपं आहे. पाहुणे आले की आपण घर आवरतो, त्यातलाच तो प्रकार होता. आपण पाहुण्यांपासून काही लपवतो आहोत असं त्या वेळी कुणाला वाटतं?

पू उगवला. आठव्या दिवशी. सातही जणांचा एकच जंतू. क्षयाच्या जंतूच्या नात्यातला, पण क्षय नव्हे. नेहमीच्या गोळ्यांना भीक न घालणारा. धाकटीला सहा महिन्यांच्या नव्या गोळ्या आणि रोज एक इंजेक्शन सुरू झालं, गाठी कापून काढाव्या लागल्या. इंजेक्शन देताना बाईंनी बजावलं होतं, "कानांवर लक्ष ठेवा." पाचव्या आठवड्यात धाकटी म्हणाली, माझ्या कानात कुणीतरी कुकरची शिट्टी धरून ठेवलीय. इंजेक्शन बंद केलं. शिट्टी बंद झाली नाही. हळू बोललेलं तिला ऐकू येईनासं झालं. "हं? काय म्हणालीस?" हे घरात दिवसातून वीस वेळा होऊ लागलं. सासूबाई कपाळावर हात मारून घेत. दिराने बोलणंच कमी केलं. धाकटी बंद मशीनपाशी स्टुलावर बसून राहायची, चादरीवरून चाकावर हात ठेवून.

हा जंतू कुठून आला, ते मात्र कळेना. कंपनीचं औषध तपासलं, ठीक निघालं. मग सिस्टरची वही तपासली. औषध कधी बदललं त्याच्या तीन तारखा खाडाखोड केलेल्या सापडल्या. बस्स. व्यवस्थापकांना तेवढं पुरलं. औषध जुनं झालं असणार, जबाबदारी सिस्टरची. तिला महिनाअखेर जायला सांगितलं. वीस वर्षं जिची शिंकसुद्धा वेळेवर आली, ती बाई खोलीत येऊन मावशीला म्हणाली, "तारखा खोडल्या होत्या गं मी. पण औषध वेळेवरच बदललं होतं." मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून व्यवस्थापकांना शिव्या दिल्या.

त्या शुक्रवारी जंतूवाल्या बाई पुन्हा आल्या. सोमवारपासून दुर्बिणीची ऑपरेशनं पुन्हा सुरू व्हायची होती, यादीत पाच नावं लागली होती. बाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि झाकणाची एक काचेची बशी टेबलावर ठेवली. "पाण्याचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले होते. त्याला सहा आठवडे लागले. धुण्याच्या खोलीतला नळ. त्यातला जंतू आणि पेशंटमधला जंतू एकच." त्या सांगत होत्या की हा जंतू नळांत, टाक्यांत, पाण्यातच राहतो. आतून चिकट थर धरतो. पाण्यात टाकतात त्या क्लोरीनलाही पुरून उरतो. पिऊन सहसा काही होत नाही, पण पोटाच्या आत नेऊन ठेवला तर तो तिथे बिऱ्हाड करतो. गच्चीवरची टाकी वर्षभरापूर्वी दुरुस्त केली, तेव्हा पाणी बरेच दिवस साचून होतं. तिथे तो वाढला असणार.

"पण एक गोष्ट मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "नळाचं पाणी तुमच्याकडे फक्त पहिल्या पायरीला आहे. त्यानंतर औषध. औषधानंतर हत्याराला नळ लागतच नाही. मग हा गेला कसा?"

बशी हातोहात फिरत मावशीकडे आली. नऊ वर्षं ज्याच्याविरुद्ध ती लढत होती तो शत्रू तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने बशी उचलली आणि सवयीने उजेडाकडे धरली, एक डोळा बारीक केला. साबणाचा फेस वाळल्यावर राहतात तसे पांढुरके ठिपके. एवढेसे. पाणी तर तिला रोज दिसत होतं. काचेसारखं होतं ते.

तिला सगळं कळलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दुसरं पाणी. आणि एकीला तिसरं.

खोटं कशाला बोला, तिने तिथे तोंड उघडलं नाही. बैठक संपली, माणसं उठली. ती धुण्याच्या खोलीत गेली, नळापुढे उभी राहिली. आपण बोललो नाही तरी चालेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. नळ आता बदलतीलच. टाकी धुतील. कुणाला काही कळणार नाही. मग तिला भिंतीवर सोमवारची यादी दिसली, आणि तिच्याखाली खोक्यात आपला कप आणि चपला भरत असलेली सिस्टर. मावशी जिन्याकडे धावली.

बाई खालच्या वळणावर होत्या. मावशी चार पायऱ्या वरूनच बोलली, कारण जवळ गेली असती तर बोलता आलं नसतं. "बाई, त्या दिवशी तुम्ही उभ्या होता म्हणून मी रोजच्यासारखं केलं नव्हतं."

बाईंनी हातातला नमुन्यांचा डबा पायरीवर ठेवला. "रोज काय करता?"

"शेवटी दुसरं पाणी देते. नळाचं."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं."

"का, मावशी?"

मावशीने बाही वर केली आणि मनगटावरचा पांढरा डाग दाखवला. "हे माणसाच्या पोटात जायला नको म्हणून. बाटलीने वास जात नाही."

बाई दोन पायऱ्या चढून आल्या आणि त्यांनी तो डाग पाहिला. "औषधानंतर नळाचं पाणी लागलं की आधीचं सगळं धुणं फुकट जातं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"काय करायचं ते भिंतीवर लिहिलंय," मावशी म्हणाली. "का करायचं ते कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला असता तर मावशीला बरं वाटलं असतं.

सिस्टर राहिली. सोमवारची यादी रद्द झाली. मावशीला काढलं नाही, खाली चादरींच्या घड्या करायला बसवलं. त्यानंतर तिला मावशी म्हणत, नुसतंच. लख्ख कुणी म्हणेना, चिडवायलासुद्धा.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी ती बसने न जाता चालत घरी गेली. बाहेरच्या खोलीत दीर पेपर वाचत होता, सासूबाई खुर्चीत मोजे रफू करत होत्या. आतल्या खोलीत धाकटी स्टुलावर, पाठ दाराकडे. थोरलीने कोपरापर्यंत हात धुतले. ताटली मांडली, आत गेली, दार लोटून घेतलं आणि धाकटीच्या शेजारी बसली.

"माझ्यामुळे झालं गं हे," ती पुटपुटली. "हत्यारं मी नळाच्या पाण्याने धुतली. त्यातून गेलं ते तुझ्या पोटात."

धाकटीने मान वळवली. "हं?"

एकदा सांगायलाच थोरलीचा सगळा दम गेला होता. ती पुन्हा म्हणाली, नेहमीच्या आवाजात. नळ, पाणी, जंतू. तुझी काही चूक नव्हती.

"काय म्हणतेस ताई? ऐकू नाही येत. मोठ्याने बोल ना." धाकटी उठली, तिने लोटलेलं दार सताड उघडलं आणि पुन्हा येऊन बसली.

"माझी चूक आहे!" थोरली ओरडली. तिला रडू फुटलं होतं आणि रडताना आवाज आवरत नाही. "तू गबाळी नव्हतीस! तुझी पट्टी, तुझं पुसणं, तुझ्या चिंध्या, कशाचा काही संबंध नव्हता! मीच घाण घातली तुझ्या पोटात, मी! नळाच्या पाण्याने!"

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाईंची खुर्ची करकरली आणि थांबली. कुणी आत आलं नाही.

धाकटी मशीनच्या चाकाकडे बघत होती. "बाकीच्यांना किती पाणी दिलं होतंस?"

"दोन."

"आणि मला तीन." ती थोडी हसल्यासारखी वाटली, पण ते हसू नव्हतं. तिने मशीनवरची चादर काढली, घडी केली, मांडीवर ठेवली. "मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. बाहेर ऐकू जायला हवं होतं."

थोरलीने डोळे पुसायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. हात पट्टीसाठी धुतलेले होते. तिने ताटली पुढे ओढली, कात्री घेतली.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "ताटली ठेवा तिकडे. पट्टी माझी मी बांधीन."

थोरलीने ताटली ठेवली. लग्न होऊन आली तेव्हा, त्या पहिल्या आठ दिवसांत, धाकटी तिच्याशी असंच बोलायची.